वेदनेची वेस : कुत्रीच्या नसबंदीतील कण्याची भूल



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते त्या आमच्या गुरुजींना समारंभांचा मनस्वी कंटाळा होता, आणि स्वतःच्या नावाचा तर इतका की, महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर ते कोणी ठळक अक्षरांत लिहिले तर ते पुसून बारीक लिहावयास सांगत. म्हणून मीही आज त्या नावाचा उच्चार टाळतो. त्यांची जी एक सवय मला अखेरपर्यंत विसरता येणार नाही ती एवढीच की, शस्त्रक्रियेसाठी आडव्या केलेल्या जनावराला स्पर्श करण्यापूर्वी ते आपला तळहात स्वतःच्या गालाला लावून तो गार तर नाही ना, हे पाहून घेत. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, राज्यघटनेवर आणि नाट्यसंगीतावर व्याख्याने झाली असता, कुत्रीच्या नसबंदीच्या वेळी तिच्या कण्यात द्यावयाच्या भुलीसंबंधी मी बोलणार आहे हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, असे चिटणिसांनी मला मोकळेपणाने कळविले आहे. त्या सद्गृहस्थांना माझे उत्तर इतकेच की, कोरडी भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा ज्या भाषेत घरोघर सांगितली जाते, त्या भाषेत कुत्र्याच्या सुखदुःखाचा विषय परका ठरू नये.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपल्या भाषेने या विद्येला 'भूल' हा शब्द दिला, आणि तो देताना नकळत एक गफलतही तिच्या पदरात टाकली. भूल म्हणजे विस्मृती, भूल म्हणजे मोह, भूल म्हणजे चूकही. परंतु रोग्याला काही आठवत नाही आणि रोग्याला काही दुखत नाही, या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी असताना एकाच शब्दाखाली त्या इतकी वर्षे नांदल्या की, भूल देणाऱ्यालाही कित्येकदा त्यांतील भेद जाणवेनासा झाला. वेदना ही एक फिर्याद आहे असे क्षणभर समजा. ती जखमेच्या जागी दाखल होते, मज्जातंतूंच्या वाटेने जासूद ती घेऊन निघतो, कण्याच्या वेशीतून आत शिरतो, आणि मेंदूच्या दरबारात ती रुजू करतो. सर्वांगाला भूल देतो तेव्हा आपण दरबार झोपवितो. जासूद मात्र येतच असतो, दारावर थापा मारीतच असतो, आणि महाल निद्रिस्त असला तरी पहारेकरी त्या थापांनी दचकतात, म्हणूनच बेशुद्ध प्राण्याची नाडी एकाएकी चढते, श्वास तुटक होतो आणि रक्ताचा दाब वाढतो. उलटपक्षी, कण्यात भूल देतो तेव्हा दरबार जागा असो वा निजलेला असो, जासुदालाच वेशीवर अडवून ठेवतो. आमच्या घरांतील स्त्रियांना हा प्रकार नवा नाही. सिझेरियनच्या वेळी 'कमरेत इंजेक्शन दिलं होतं' असे त्या सांगतात, आणि पुढची वीस वर्षे कंबर दुखली की त्या बिचाऱ्या इंजेक्शनच्या नावाने बोटे मोडतात, ही गोष्ट वेगळी.

हा भेद मी पुस्तकात वाचला होता. शिकलो मात्र एका रिकाम्या गोदामात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे ते शिबिर होते, टेबल म्हणजे शाळेतून आणलेले बाक होते, आणि झायलाझिन व केटामिन यांच्या मिश्रणाने एकामागून एक कुत्री आडवी करून मी मोठ्या झपाट्याने काम उरकीत होतो. एका तांबूस रंगाच्या, हडकुळ्या कुत्रीचे पोट उघडून डावे अंडाशय बोटाने वर ओढले मात्र, आणि जी आतापर्यंत लाकडाच्या ओंडक्यासारखी पडून होती तिचा श्वास आखडला, पोटाचे स्नायू माझ्या बोटाभोवती आवळले, आणि पाय जागचा हलला नसतानाही काळीज धडधडू लागल्याचे तिच्या मांडीच्या नाडीवर समजले. डोके धरून बसलेला व्रणोपचारक, ज्याने माझ्यापेक्षा अधिक जनावरे पाहिली होती, हलक्या आवाजात म्हणाला, "झोपलीय खरी, पण तिला कळतंय साहेब." औषध अपुरे होते, घाई माझी होती आणि दोषही माझाच होता. तिला जादा मात्रा देऊन मी काम पुरे केले; परंतु निश्चल पडलेले जनावर म्हणजे वेदनामुक्त जनावर, हा जो माझा समज होता तो त्या दिवशी त्या गोदामातच राहिला.

आता थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण त्यात एक जुने देणे लिहिलेले आहे. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवून दिले, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील जेम्स लिओनार्ड कॉर्निंग या मज्जातंतुवैद्याच्या मनात आले की, हेच औषध थेट कण्याजवळ सोडले तर काय होईल? हा प्रश्न त्याने प्रथम ज्याला विचारला तो एक कुत्रा होता. त्याच्या पाठीच्या खालच्या मणक्यांमध्ये दोन टक्क्यांच्या कोकेनचे वीस थेंब कॉर्निंगने सोडले, आणि काही मिनिटांतच कुत्र्याचे मागचे पाय लटपटू लागून बधिर झाले. पुढच्या पायांवर मात्र काहीच परिणाम नव्हता. ते औषध मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पोहोचले की बाहेरच्या आवरणाबाहेरच राहिले, यावर पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. परंतु 'मेरुभूल' या कल्पनेचा आरंभ तेथून होतो हे उभय पक्षांना मान्य आहे. त्या कुत्र्याचे नाव कोणत्याही दप्तरात नाही. त्याच सुमारास, म्हणजे 1886 साली, आपल्या मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले हा केवळ योगायोग. पण त्याच महाविद्यालयाच्या आवारात ज्यांची पहिली वर्षे गेली अशा आमच्यासारख्यांना असे योगायोग जुळवून पाहण्याचा मोह होतोच.

पुढची तेरा वर्षे या कल्पनेने दबा धरला. 1891 मध्ये जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके याने कमरेच्या मणक्यांतून सुई घालून मेरुद्रव काढण्याची रीत दाखविली, आणि त्याच गावी 16 ऑगस्ट 1898 रोजी आउगुस्ट बीर या शल्यवैद्याने एका रोग्याच्या मेरुद्रवात कोकेन सोडून त्याच्या घोट्यावर वेदनाविरहित शस्त्रक्रिया केली. रोग्यांना नंतर भयंकर डोकेदुखी होते असे आढळल्यावर या गृहस्थाने जे केले ते वैद्यकाच्या इतिहासात फार थोड्यांनी केले असेल : आठ दिवसांनी त्याने आपला सहकारी हिल्डेब्रांट याला स्वतःच्याच कण्यात सुई घालावयास सांगितले. सुईला पिचकारी नीट बसली नाही, बीरचा बराच मेरुद्रव आणि कोकेन दोन्ही वाया गेले. तेव्हा हिल्डेब्रांट पुढे सरसावला आणि बीरने त्याच्या कण्यात औषध सोडले. मग त्या बधिर पायांवर टाचण्या टोचून झाल्या, चिमटे काढून झाले, जळती चिरूट टेकवून झाली, नडगीवर लोखंडी हातोडा मारून झाला, आणि त्याला काही म्हणजे काही कळेना! संध्याकाळी दोघांनी मद्य घेऊन यशाचा आनंद साजरा केला. दुसऱ्या दिवशी मात्र हिल्डेब्रांट नडगीवरच्या काळ्यानिळ्या वळांसह आणि बीर असह्य डोकेदुखीसह अंथरुणावर होते. मी हा प्रसंग विस्ताराने सांगितला तो मनोरंजनासाठी नव्हे. बीरला आपले डोके दुखते हे सांगता आले. कॉर्निंगच्या कुत्र्याला ते सांगता आले नाही, आणि आजही माझ्या टेबलावरच्या कुत्रीला ते सांगता येत नाही. ग्लासगो विद्यापीठातील मंडळींनी कुत्र्याच्या वेदनेची मोजदाद करण्यासाठी एक मापनश्रेणी तयार केली आहे, तिच्यात ते कण्हते की ओरडते, जखमेकडे वळून पाहते का, दाबल्यावर अंग चोरते का, अशा गोष्टींना गुण द्यावयाचे असतात; पण डोकेदुखीचा रकाना तिच्यात नाही, तो असणार तरी कसा?

बीरच्या यशानंतर थोड्याच वर्षांत ही विद्या घोडे आणि गाई यांच्यापर्यंत पोहोचली, आणि गाईच्या बाबतीत तर ती आपल्या तालुक्यातालुक्यांत इतकी मुरली की तिचा शोध कोणी लावला याची चौकशीही कोणी करीत नाही. गाईचे मायांग बाहेर पडले की पशुधन विकास अधिकारी शेपटी पंपाच्या दांड्यासारखी वरखाली हलवितो, शेपटीच्या मुळाशी पहिल्या दोन मणक्यांमधील हलणारी फट बोटाने हुडकतो, आणि दोन टक्क्यांचे पाच मिलिलिटर लिग्नोकेन तेथे सोडतो. काही मिनिटांत शेपटी लुळी पडते, आणि तीच भूल चढल्याची खूण. गाय उभ्या उभ्या रवंथ करीत असते. कुत्री मात्र उभी राहून रवंथ करीत नाही. पाठीवर चारी पाय वर करून ती जागेपणी कोणापुढेही स्वस्थ पडून राहणार नाही, आणि म्हणून तिच्या बाबतीत कण्यातील भूल ही एकटी कधीच पुरत नाही; आधी शामक औषध किंवा हलकी सर्वांगाची भूल द्यावी लागते, आणि मग कण्यातील भुलीमुळे त्या दुसऱ्या भुलीची मात्रा पुष्कळ कमी लागते, एवढाच तिचा खरा लाभ आहे. 'सुई दिली, काम झाले' असे ज्यांना वाटते त्यांनी येथेच सावध व्हावे.

शरीररचनेचा एक मोठा फरक येथे आडवा येतो. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि त्याखाली केवळ मज्जातंतूंचा झुबका, ज्याला शास्त्रकार अश्वपुच्छ म्हणतात, तरंगत असतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये सुई घालणाऱ्या भूलतज्ज्ञाला मज्जारज्जू टोचला जाण्याची भीती फारशी नसते. कुत्र्याला कमरेचे मणके पाच नव्हे, सात असतात, आणि त्याचा मज्जारज्जू बहुधा सहाव्या मणक्यापर्यंत, लहान जातींत त्याच्याही खाली, येऊन पोहोचतो. परिणामी बहुतेक पशुवैद्य सातवा मणका आणि त्रिकास्थी यांमधील फटीतून सुई घालून औषध बाह्य आवरणाच्या बाहेरच, म्हणजे 'एपिड्युरल' जागी, सोडतात. खऱ्या अर्थाने मेरुद्रवात औषध सोडावयाचे तर एखाद-दुसरा मणका वर जावे लागते, औषधाची मात्रा निम्म्याहून कमी करावी लागते, आणि हात अधिक स्थिर लागतो. जागा शोधण्याची रीत सोपी आहे : कुत्रीला छातीवर बसवून मागचे पाय पुढे ओढावेत, अंगठा व मधले बोट कमरेच्या दोन्ही हाडांच्या टोकांवर ठेवावे, तर्जनी आपोआप मधल्या खळग्यात उतरते. सुई आत जाताना पीतबंध नावाची चिवट पट्टी ओलांडली की बोटाला एक बारीकसा 'टप्' जाणवतो. हा 'टप्' ज्याला एकदा कळला त्याला तो शब्दांत सांगावा लागत नाही, आणि ज्याला कळला नाही त्याला मी कितीही बोललो तरी तो सांगता येणार नाही.

नसबंदीपुरते पाहता खरा पेच याच्या पुढे आहे, आणि तो अनेक तरुण सहकाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मागचे पाय बधिर झाले, शेपटी लुळी पडली, म्हणजे पोटही बधिर झाले असे त्यांना वाटते. परंतु कुत्रीची अंडाशये ओटीपोटात नसून वर, मूत्रपिंडांच्या मागच्या टोकाशी असतात. उजवे तर डाव्याहून अधिक वर. एका बळकट बंधाने ती शेवटच्या बरगडीच्या अंगाला बांधलेली असतात, आणि हा बंध बोटाने ताणून तोडल्याखेरीज अंडाशय जखमेबाहेर येत नाही. सबंध शस्त्रक्रियेतील सर्वांत वेदनादायक क्षण तोच. गोदामातल्या त्या कुत्रीने मला जे सांगितले ते याच क्षणी सांगितले होते. या अंडाशयांची फिर्याद घेऊन निघणारे जासूद कमरेच्या खालच्या वेशीतून जातच नाहीत. ते छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यांच्या वेशीतून आत शिरतात. म्हणजे खाली दिलेले औषध तेथपर्यंत चढले पाहिजे. एपिड्युरल जागी दर पाच किलो वजनाला साधारण एक मिलिलिटर औषध दिले तर ते कमरेच्या वरच्या टोकापर्यंत येते. अंडाशयाला पुरण्यासाठी त्याहून वर न्यावे म्हटले तर दुसरे संकट उभे राहते. रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे मज्जातंतू त्याच पातळीवर असतात. ते बधिर झाले की रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, देह गार पडू लागतो, आणि औषध आणखी वर चढले तर काळजाचे ठोकेही मंदावतात. माणसांच्या शस्त्रक्रियागृहात ज्याला 'हेवी' म्हणतात ते साखर मिसळलेले जड बुपिव्हॅकेन टेबलाच्या उतारावरून कोठवर वाहू द्यावयाचे याचा अंदाज अनुभवी भूलतज्ज्ञाला असतो. आमच्या टेबलाला बहुधा उतारच नसतो. म्हणून शिरेत सलाईन चालू असल्याखेरीज, रक्तदाब मोजण्याची सोय असल्याखेरीज, या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावधगिरीचे या देशातले आणखी एक कारण मी सांगतो, जे परदेशी ग्रंथांत एका ओळीत उरकले जाते. आपल्या भटक्या कुत्र्यांच्या अंगावर गोचिडी असतात, गोचिडींमुळे एर्लिकिया नावाच्या जंतूंचा ताप येतो, आणि त्या तापात रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात. कुत्री वरकरणी धडधाकट, शेपटी हलविते, बिस्किट खाते. आणि तिच्या कण्यात सुई गेली की आत रक्तस्राव होऊन मज्जारज्जूवर गाठ दाबली जाण्याचा धोका असतो. रक्ताची एक काच तपासल्याखेरीज भटक्या कुत्रीच्या कण्याला हात लावणे म्हणजे दाखला न पाहता खरेदीखत करण्यासारखे आहे. सुईच्या जागी खरूज असेल तर विचारच नको.

मग शिबिरांनी काय करावे? कुत्र्यांच्या संख्येचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 1832 साली मुंबईत कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगल उसळली होती आणि तिच्या अग्रभागी पारशी मंडळी होती. मारण्याऐवजी नसबंदी करण्याचा मार्ग मद्रासच्या ब्लू क्रॉस संस्थेने 1964 पासून धरला, भारत सरकारने 2001 साली त्याचे नियम केले आणि 2023 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. हे सारे योग्यच झाले. परंतु दिवसाला ठराविक संख्या पुरी करण्याचा जेथे तगादा आहे तेथे कण्यातील भूल सक्तीची करावी असे मी म्हणणार नाही. कारण वाईट दिलेली मेरुभूल ही न दिलेल्या मेरुभुलीहून अधिक घातक आहे. तेथे एक साधा उपाय आहे : कापण्याच्या रेषेत आणि प्रत्येक अंडाशयाच्या देठावर मोजून घेतलेले थोडे लिग्नोकेन शिंपडावे किंवा टोचावे. दीड-दोन मिनिटांचे काम, पैसे नगण्य. जासुदाला वेशीवर नाही, तर त्याच्या घराच्या उंबऱ्यावरच अडवावयाचे. हे जेथे होत नाही तेथे पैशाचा अभाव हे कारण मला कोणी सांगू नये.

मेरुभुलीची खरी जागा मी जेथे पाहतो ते ठिकाण वेगळे आहे : मोठ्या वयाची, हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असलेली, गर्भाशयात पू झालेली पण रक्तदाब अजून टिकून असलेली कुत्री, जिला सर्वांगाची गाढ भूल झेपणार नाही, किंवा सिझेरियन करून त्याच वेळी नसबंदी करावयाची असलेली, जिच्या पिलांना भुलीची गुंगी येऊ नये अशी इच्छा असते. अशा वेळी एपिड्युरलमध्ये संरक्षक द्रव्य नसलेल्या मॉर्फिनचा अल्पसा अंश मिसळला तर वेदनाशमन दिवसभर पुरते. पण मॉर्फिन मिळवावयाचे म्हणजे 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या चौकटीत परवाने, नोंदवह्या, कुलूपबंद कपाट आणि तपासणी यांचा फेरा आला. माणसांच्या कर्करोग्यांनाही त्यापायी किती तिष्ठावे लागले आहे, तेथे कुत्रीचा नंबर कोठे लागणार! कायद्याचा हेतू मला मान्य आहे. त्याच्या अंमलात वेदनेची बाजू मांडणारा मुखत्यार कोणी नाही, एवढीच माझी तक्रार.

गोदामातल्या त्या व्रणोपचारकाविषयी दोन शब्द बोलून मी आपली रजा घेतो. पुढे तो अनेक वर्षे माझ्याबरोबर होता. एका म्हाताऱ्या पाळीव कुत्रीच्या गर्भाशयात पू झाला म्हणून आम्ही तिला प्रथमच एपिड्युरल आणि अगदी हलकी झोप अशी जोड दिली, तेव्हा अंडाशयाचा बंध ताणताना मी त्याच्याकडे पाहिले. त्याचे बोट तिच्या मांडीच्या नाडीवर होते, आणि त्याने नुसती मान हलविली. शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आली, डोके उचलून तिने आपल्याच मागच्या पायांकडे ते दुसऱ्या कोणाचे असावेत अशा नजरेने पाहिले, आणि मालक नोंदवहीवर सही करून तिला घरी नेण्याची घाई करू लागला. भूल वरून खाली उतरते. आधी पोट जागे होते, मग मांड्या, मग पंजे. व्रणोपचारकाने वही बंद करून काखेत धरली. तो म्हणाला, "अजून शुद्धीवर म्हणून लिहायचं नाही साहेब." तासाभराने पायांवर घातलेल्या गोणपाटाखाली काहीतरी एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे आपटले, तेव्हा त्याने गोणपाट बाजूला सारून शेपटीकडे नीट निरखून पाहिले, वही उघडली, घड्याळात पाहिले आणि वेळ लिहिली.